गोळ्यांना दाद न देणारं नैराश्य: अमेरिकेत एस्केटामाइन स्प्रेचं क्लिनिक कसं शोधायचं

दोन वेगवेगळी अँटीडिप्रेसंट औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी साधारण सहा ते आठ आठवडे घेऊनही नैराश्य हटत नसेल, तर अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ त्याला ट्रीटमेंट रेझिस्टंट डिप्रेशन म्हणतात. या नावामुळे पुष्कळ जण घाबरतात, आता आपलं काही खरं नाही असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ मर्यादित आहे: नेहमीच्या गोळ्यांनी काम झालेलं नाही, पुढची पायरी बघायला हवी. त्या पुढच्या पायऱ्यांपैकी एक म्हणजे नाकात मारायचा एस्केटामाइनचा स्प्रे, ज्याचं बाजारातलं नाव स्प्राव्हाटो.

न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत राहणाऱ्या मराठी माणसांना हा उपचार हवा असेल तर पहिली अडचण औषधाची नसते, ते कुठे मिळेल याची असते. हा स्प्रे सीव्हीएस किंवा वॉलग्रीन्सच्या काउंटरवर मिळत नाही, घरी नेता येत नाही, पोस्टाने येत नाही. तो ठरावीक नोंदणीकृत ठिकाणीच, तिथल्या माणसांच्या डोळ्यांसमोर घ्यावा लागतो. त्यामुळे जवळचं क्लिनिक शोधताना फक्त नकाशावरचं अंतर बघून भागत नाही. तिथे विम्याची कागदपत्रं कोण हाताळतं, दोन तास लक्ष कोण ठेवतं आणि आठ आठवड्यांनंतर उपचार कोण पुढे नेतं, यावर सगळं अवलंबून असतं.

आधी औषधाबद्दल

केटामाइन हे भूल देण्याचं जुनं औषध. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याला १९७० मध्ये मान्यता दिली. त्याच्या रेणूची दोन रूपं असतात, उजवा आणि डावा हात असावा तशी, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. त्यातलं एक रूप वेगळं काढलं की ते एस्केटामाइन. नेहमीच्या गोळ्या मुख्यतः सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनवर काम करतात. एस्केटामाइन ग्लुटामेट या दुसऱ्याच रसायनाच्या यंत्रणेवर, एनएमडीए नावाच्या ग्राहीवर (पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या जागेवर) काम करतं. म्हणून गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तर याचा परिणाम काही रुग्णांना २४ तासांतही जाणवतो.

एफडीएने मार्च २०१९ मध्ये हा स्प्रे तोंडाने घ्यायच्या अँटीडिप्रेसंटच्या जोडीने द्यायला मान्यता दिली. २०२० मध्ये आत्महत्येचे तीव्र विचार असलेल्या मेजर डिप्रेशनमध्येही वापरायला मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये गोळीशिवाय, एकट्याने वापरायलाही परवानगी मिळाली. ही शेवटची गोष्ट ज्यांना गोळ्या सोसतच नाहीत त्यांच्यासाठी फार महत्त्वाची आहे. क्लिनिकने ‘गोळी चालू असल्याशिवाय देत नाही’ असं सांगितलं तर तो विमा कंपनीचा नियम आहे की डॉक्टरांचा निर्णय, हे जरूर विचारा.

किती गुण येतो? मान्यतेसाठी वापरलेल्या मुख्य चाचणीत सगळ्यांनाच नवी गोळी सुरू केली होती. २८ दिवसांनी नैराश्य जवळजवळ ओसरलेले रुग्ण स्प्रे घेणाऱ्यांत सुमारे ५२ टक्के होते, खोटा स्प्रे घेणाऱ्यांत ३१ टक्के. फरक खरा आहे, पण स्प्रे घेऊनही जवळजवळ निम्मे लोक तिथवर पोहोचले नाहीत. ६५ वर्षांवरच्या रुग्णांच्या वेगळ्या चाचणीत हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. आईवडिलांसाठी शोध घेत असाल तर डॉक्टरांशी याबद्दल मोकळेपणाने बोला.

आणखी एक काम शोध सुरू करण्याआधी उरकावं. थायरॉइड, बी-१२, झोपेतला श्वासाचा त्रास आणि बायपोलर आजाराची शक्यता तपासून झाली आहे ना, हे बघा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी सर्रास आढळतं, आणि त्याने येणारा थकवा व उदासी नैराश्यात मिसळून जाते. हे न तपासता महागड्या उपचाराकडे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

क्लिनिक शोधताना

या औषधामुळे गुंगी येऊ शकते, आपण आपल्यापासून सुटल्यासारखं वाटू शकतं, क्वचित श्वास मंदावू शकतो आणि त्याचा गैरवापरही होऊ शकतो. म्हणून एफडीएने त्यावर रेम्स नावाची बंधनं घातली आहेत. क्लिनिक, औषध पुरवणारी फार्मसी आणि रुग्ण या तिघांची त्यात नोंदणी लागते. नोंदणी असलेल्या ठिकाणांची यादी स्प्राव्हाटोच्या आणि रेम्सच्या संकेतस्थळांवर मिळते. झिप कोड टाकला की जवळची नावं येतात.

यादीत नाव आहे म्हणजे तिथे जागा आहे, असं मात्र नाही. काही ठिकाणी फक्त स्वतःच्या जुन्या रुग्णांनाच स्प्रे देतात. काहींची नोंदणी आहे पण सध्या कोणाला देत नाहीत. म्हणून तीन-चार ठिकाणी फोन करावा. सुरुवातीलाच विचारायचं: तुम्ही स्प्राव्हाटोसाठी रेम्स सर्टिफाइड आहात का, नवे रुग्ण घेता का, माझ्या विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहात का. या तिन्हींना होकार आला की पुढचे, जास्त उपयोगी प्रश्न. प्रायर ऑथरायझेशनचं, म्हणजे विमा कंपनीकडून आधी मंजुरी मिळवण्याचं काम तुमच्याकडे कोण बघतं? त्या माणसाचं नाव पटकन सांगता आलं तर क्लिनिकची घडी बसलेली आहे असं समजा. औषध तुम्ही स्वतः विकत घेऊन साठवता की स्पेशल्टी फार्मसीकडून (खास औषधं पुरवणाऱ्या दुकानाकडून) रुग्णाच्या नावाने मागवता? दुसऱ्या पद्धतीत पार्सल उशिरा आलं की सत्र हुकतं, आणि डोस ५६ वरून ८४ मिलिग्रॅम केला की नवी मागणी नोंदवावी लागते. सत्रं कोणत्या वारी, किती वाजता असतात? माझ्या आत्ताच्या मानसोपचारतज्ज्ञांना तुम्ही नोंदी पाठवाल का? घरी एकटं जाऊ देता, टॅक्सी चालते, की ओळखीचा माणूसच लागतो?

या शोधात एक गल्लत नेहमी होते. गूगलवर ‘केटामाइन क्लिनिक’ असं शोधलं की शिरेतून केटामाइन देणारी ठिकाणं आणि घरपोच केटामाइनच्या गोळ्या किंवा साधा स्प्रे पाठवणाऱ्या कंपन्या वर येतात. शिरेतून केटामाइन देणं नैराश्यासाठी अधिकृत मान्यतेबाहेरचं आहे. त्यावर चांगलं संशोधन आहे आणि अनुभवी डॉक्टर ते जबाबदारीने देतातही, पण विमा बहुधा त्याचे पैसे देत नाही. घरपोच मिळणारं, फार्मसीत वेगळं बनवलेलं केटामाइन ही तिसरीच गोष्ट. त्याबद्दल एफडीएने २०२२ आणि २०२३ मध्ये जाहीर इशारे दिले आहेत, कारण तिथे बीपी आणि श्वासावर लक्ष ठेवणारं कोणी नसतं. आमचा सल्ला सरळ आहे: हे औषध घरी, एकट्याने घेऊ नका.

कागदपत्रं: इथे सगळ्यात जास्त वेळ जातो

विमा कंपनी मंजुरी देण्याआधी पुरावा मागते: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, कधीपासून कधीपर्यंत, आणि का थांबवलं. ज्यांचे आधीचे उपचार पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत झाले, त्यांचं गाडं इथे अडतं. भारतातल्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असतं आणि अमेरिकेतल्या विमा कंपनीला ते नाव काहीच सांगत नाही. नेक्सिटो १० म्हणजे एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम. फ्लुडॅक म्हणजे फ्लुऑक्सेटिन, डॅक्सिड म्हणजे सर्ट्रालिन, व्हेनिझ म्हणजे व्हेन्लाफॅक्सिन, मिर्टाझ म्हणजे मिर्टाझापिन. नेक्सिटो प्लसमध्ये एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपामही असतं. हे तर नक्की सांगावं, कारण क्लोनाझेपामसारखी औषधं चालू असतील तर स्प्रेनंतरची गुंगी वाढते.

एका कागदावर तक्ता करा. पहिल्या रकान्यात औषधाचं मूळ नाव, मग सर्वांत मोठा डोस, सुरू केल्याचा महिना आणि वर्ष, थांबवल्याचा महिना आणि वर्ष, आणि शेवटी कारण: ‘आठ आठवडे घेऊन फरक नाही’ किंवा ‘उलट्या, सोसलं नाही’. जुन्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर हाच मजकूर इंग्रजीत, सही-शिक्क्यासह मागवा. व्हॉट्सअॅपवर आलेला स्पष्ट फोटोही चालू शकतो, नुसत्या तोंडी आठवणीवर मात्र मंजुरी मिळणं कठीण. दोन्ही औषधं सध्याच्याच नैराश्याच्या काळातली असावीत, असा बहुतेक कंपन्यांचा आग्रह असतो. दहा वर्षांपूर्वी घेतलेली गोळी त्यात धरली जाईलच असं नाही.

सोबत पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली भरून ठेवा. नऊ प्रश्न, एकूण ० ते २७ गुण, २० किंवा अधिक म्हणजे तीव्र नैराश्य. सुरुवातीचा आकडा नोंदलेला नसेल तर पुढे सुधारणा झाली हे दाखवायला काही उरत नाही, आणि मुदत संपल्यावर मंजुरीचं नूतनीकरण अडकतं. आपल्याकडे डॉक्टरांनी कसं आहे विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणायची सवय असते. प्रश्नावली भरताना ती बाजूला ठेवा. गेल्या दोन आठवड्यांत जे झालं तेच लिहा.

पैशांचं गणित

२०१९ मध्ये बाजारात आला तेव्हा फक्त औषधाची छापील किंमत ५६ मिलिग्रॅमच्या सत्राला ५९० डॉलर आणि ८४ मिलिग्रॅमला ८८५ डॉलर होती. पहिल्या महिन्यात आठ सत्रं होतात, म्हणजे विम्याशिवाय हा उपचार बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जातो. विमा असला तरी बिलं दोन येतात: एक औषधाचं, दुसरं डॉक्टरांच्या देखरेखीचं. मेडिकेअरमध्ये (मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात) ही दोन्ही एकत्र करणारे बिलाचे कोड आहेत, ५६ मिलिग्रॅमपर्यंत जी२०८२ आणि त्याहून जास्त डोसला जी२०८३. खासगी विम्यात क्लिनिकला सरळ विचारा: प्रत्येक सत्राला माझ्या खिशातून एकूण किती जातील, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम) पुरा होईपर्यंत किती आणि नंतर किती? औषध कंपनीची सवलत योजना खासगी विमा असणाऱ्यांसाठी आहे, मेडिकेअर किंवा मेडिकेड (कमी उत्पन्न असणाऱ्यांचा सरकारी विमा) असणाऱ्यांना ती मिळत नाही. डिडक्टिबल जानेवारीत नव्याने सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरात उपचार सुरू करणाऱ्यांना दोनदा फटका बसतो. नैराश्य गंभीर असेल तर मात्र पैशांसाठी थांबू नका.

नकार आला तर तिथेच हात टेकू नका. डॉक्टर विमा कंपनीच्या डॉक्टरांशी थेट फोनवर बोलू शकतात, याला पीअर टू पीअर म्हणतात, आणि पुष्कळदा काम तिथेच होतं. नाही झालं तर १८० दिवसांच्या आत कंपनीकडे अपील करता येतं. तेही फेटाळलं तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या, स्वतंत्र तपासणीची मागणी करता येते. नकाराच्या पत्रात कारण लिहिलेलं असतं. अपील त्या कारणालाच उत्तर देणारं असावं.

सत्राच्या दिवशी

दोन तास आधीपासून काही खायचं नाही, अर्धा तास आधीपासून काही प्यायचं नाही. मळमळ आणि उलटी होऊ शकते म्हणून हा नियम आहे. सकाळचा चहासुद्धा वेळ बघून घ्या. अॅलर्जीचा किंवा नाक मोकळं करणारा स्प्रे वापरत असाल तर तो निदान एक तास आधी मारून ठेवा.

गेल्यावर आधी बीपी मोजतात. १४०/९० च्या वर असेल तर त्या दिवशी द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. घाईघाईत गाडी लावून, जिने चढून धापा टाकत आल्यावर बीपी जास्तच येतं, म्हणून वीस मिनिटं आधी पोहोचून शांत बसावं. बीपीची रोजची गोळी कधी घ्यायची हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

स्प्रेचं एक उपकरण म्हणजे २८ मिलिग्रॅम, त्यात दोन फवारे, दोन्ही नाकपुड्यांत एकेक. पहिल्या दिवशी दोन उपकरणं, म्हणजे ५६ मिलिग्रॅम. नंतर डॉक्टर ते तीन उपकरणांवर, ८४ वर नेऊ शकतात. स्प्रे रुग्णाने स्वतः मारायचा, नर्स फक्त दाखवते. पहिल्या उपकरणाआधी नाक शिंकरायचं, नंतर नाही. खुर्ची मागे करून डोकं ४५ अंशांत टेकवायचं, कारण ताठ बसलं तर औषध पुढे गळतं आणि पूर्ण आडवं झालं तर घशात उतरतं. उपकरणावर दोन हिरवे ठिपके असतात. हवेत दाबून बघायचं नाही, तसं केलं की एक फवारा वाया जातो. टोक नाकपुडीत बसवायचं, दुसरी नाकपुडी बोटाने बंद करायची, नाकाने श्वास घेत दट्ट्या थांबेपर्यंत वर ढकलायचा, मग हलकेच हुंगायचं. दुसऱ्या नाकपुडीत तसंच. दोन्ही ठिपके गेले म्हणजे उपकरण रिकामं. त्यानंतर पाच मिनिटं थांबूनच पुढचं उपकरण. ही पाच मिनिटं पुष्कळांना निरर्थक वाटतात, पण आधीचं औषध शोषून घ्यायला नाकाच्या आतल्या अस्तराला वेळ लागतो. घाई केली की दुसरं औषध पहिल्याला धुऊन काढतं.

घशात कडू चव येते. थोडं बाहेर गळलं तर टिशूने टिपायचं, शिंकरायचं नाही. शिंक आली किंवा औषध सांडलं तरी जादा उपकरण घ्यायचं नाही.

साधारण ४० मिनिटांनी परिणाम शिखरावर असतो आणि बीपीही तेव्हाच सर्वांत वर जातं, म्हणून त्या वेळी पुन्हा मोजतात. कोणाला खोली लांब गेल्यासारखी वाटते, कोणाला हातपाय आपले नाहीत असं वाटतं, चक्कर येते, ओठ-जीभ बधिर होतात, काहींना दारू चढल्यासारखं वाटतं. दीड तासात हे बहुधा ओसरतं. आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो आणि घाबरण्यानेच अनुभव वाईट होतो. फोन बाजूला ठेवा, डोळ्यांवर पट्टी घ्या, शब्द नसलेलं संगीत लावा, बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नका. निदान दोन तास तिथेच थांबावं लागतं, बीपी उतरलं नाही किंवा गुंगी गेली नाही तर त्याहून जास्त.

इंग्रजी नीट न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक हक्क लक्षात ठेवा. सरकारी निधी घेणाऱ्या, म्हणजे मेडिकेअर-मेडिकेड स्वीकारणाऱ्या क्लिनिकने दुभाषा फुकट द्यायला हवा, फोनवरून का होईना. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी इंटरप्रिटर’ मागा. ‘छातीत धडधडतंय’ आणि ‘छातीत दुखतंय’ यातला फरक अशा वेळी नेमका पोहोचायला हवा, आणि सूनबाईंसमोर आत्महत्येच्या विचारांबद्दल सासूबाई खरं बोलतीलच असं नाही.

त्या दिवशी गाडी चालवायची नाही. रात्रीची झोप झाल्यावर, दुसऱ्या दिवशी चालेल. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पाचव्या ते आठव्या आठवड्यात एकदा, नवव्यापासून आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा असा क्रम असतो. म्हणजे पहिल्या महिन्यात आठ अर्धे दिवस कामावरून मोकळे हवेत. कंपनीत ५० किंवा जास्त लोक असतील आणि तुम्ही तिथे वर्षभर, १,२५० तास काम केलं असेल, तर एफएमएलए या कौटुंबिक-वैद्यकीय रजेच्या कायद्याखाली ही रजा तुकड्यांत घेता येते. पगार मिळेलच असं नाही, नोकरी मात्र सुरक्षित राहते. मेडिकेड असणाऱ्यांना येण्याजाण्याची गाडीही मागता येते.

कोणी घेऊ नये

महाधमनीत, मेंदूत किंवा हातापायांच्या धमन्यांत फुगा असेल, रक्तवाहिन्यांचं जन्मजात गुंतवळ असेल, मेंदूत कधी रक्तस्राव झाला असेल, किंवा केटामाइनची अॅलर्जी असेल, तर हे औषध चालत नाही. गरोदरपणात देत नाहीत. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी मान्यता नाही. एडीएचडीची उत्तेजक औषधं आणि एमएओआय गटातल्या नैराश्यावरच्या जुन्या गोळ्यांनी बीपी आणखी वाढू शकतं. झोपेच्या गोळ्या, ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) आणि दारूने गुंगी वाढते. यातलं काहीही लपवू नका, अगदी शनिवारच्या दोन पेगांसकट. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी लघवीला जळजळ किंवा वारंवार जावं लागणं सुरू झालं तर लगेच सांगावं, कारण केटामाइनचा मूत्राशयावर परिणाम होतो.

चार आठवड्यांनंतर

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पीएचक्यू-९ पुन्हा भरून डॉक्टरांबरोबर बसा. फरक नसेल तर स्प्रे ओढत न बसता दुसरा रस्ता घेणं योग्य. टीएमएस म्हणजे चुंबकीय लहरींचा उपचार आणि ईसीटी म्हणजे मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार हे दोन्ही आहेत. भास-भ्रम असलेल्या किंवा खाणंपिणं सुटलेल्या नैराश्यात ईसीटीचा विचार आधीच व्हायला हवा. आपल्याकडे ‘शॉक’ या शब्दाने लोक दचकतात, पण आजचा ईसीटी भूल देऊनच करतात.

फरक पडला तर बरं वाटतंय म्हणून एकदम थांबवू नका. बरे होऊन स्थिरावलेल्यांवर झालेल्या चाचणीत स्प्रे चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना नैराश्य पुन्हा आलं, थांबवलेल्यांपैकी ४५ टक्क्यांना. गणपतीला किंवा लग्नाला महिनाभर भारतात जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी क्लिनिकला कळवा. उपकरण सोबत नेता येणार नाही. जाण्याआधीचं आणि आल्यानंतरचं सत्र कधी, मधल्या काळात गोळीचा डोस काय, लक्षणं वाढली तर परतल्यावर आठवड्याला एकदावर यायचं का, हे लिहून घ्या. भारतात केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे आणि नैराश्यासाठी काही रुग्णालयांत ते सलाइनमधून देतात, पण औषधाचं रूप आणि देण्याची पद्धत दोन्ही वेगळी असल्याने डोस जसाच्या तसा बदलून घेता येत नाही. भेटीला आलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात जुन्या मानसिक आजाराचा उपचार बहुधा बसत नाही, त्यांची औषधं आणि डॉक्टर भारतातलेच चालू ठेवणं सोयीचं.

मंजुरीची वाट बघताना आठवडे जाऊ शकतात. त्या काळात जिवाचं बरंवाईट करावंसं वाटू लागलं तर अमेरिकेत कधीही ९८८ वर फोन किंवा मेसेज करा, भारतात टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. धोका तातडीचा असेल तर सरळ ९११ लावा किंवा इमर्जन्सीत जा, आणि तिथल्या डॉक्टरांना स्प्राव्हाटोची मंजुरी प्रलंबित असल्याचं सांगा. रुग्णालयाची नोंदणी असेल तर भरती झालेल्या रुग्णालाही तिथेच हा स्प्रे सुरू करता येतो.